मंगळवारच्या गोळ्या

कातरकामाच्या टेबलाशी आजवर फक्त कातड्यांचे निकाल लागले होते. कुठलं कातडं ताणलं तर ऐकतं, कुठलं रुसून बसतं, कशाचे हातमोजे करायचे आणि कशाचं नुसतं किल्ल्यांचं पाकीट, हे घरातल्या दोघी सुनांचे सासरे उभ्या उभ्या ठरवायचे. ते गेल्यावर त्यांचा थोरला मुलगा ठरवू लागला. माणसांचा निकाल लावायला इथं खुर्च्या मांडाव्या लागतील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण मंगळवार, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस. आणि वरच्या घरात एकाला रडू आलं की सगळ्यांना येतं, म्हणून धाकट्या भावानं खालीच बसायचं ठरवलं. इथं मेणाचा नि कातड्याचा वास होता. त्या वासात माणसं कामाचं तेवढं बोलतात.

थोरल्याला एक खोड होती. माणूस समोर आला की तो आधी हात बघे, मग तोंड. आत्ताही त्यानं तेच केलं. धाकट्या भावाचे हात टेबलावर होते, पालथे, घाईत असल्यासारखे. भावजयीचे होते, एकमेकांत गुंतवलेले. लेकीच्या दोन हातांमध्ये आईच्या गोळ्यांचा डबा होता, आठवड्याच्या वारांचे खाने असलेला. एकट्या बायकोचे हात टेबलावर नव्हते. ते खाली, मांडीवर, दुपट्ट्याच्या घडीत होते.

लग्नाआधी त्यानं या बाईचं बोट कधी धरलं नव्हतं, पण माप घेतलं होतं. सव्वासहाचा हात. आता मोजे चढवून बघायचा कारखान्यातला कुठलाच लाकडी हात त्याला जुळत नव्हता. बोटांच्या मुळाशी सांधे फुगले होते, मनगट भरीव झालं होतं, आणि बोटं सगळी करंगळीकडे कलली होती, वाऱ्यानं एकाच अंगाला निजवलेल्या गवतासारखी. दोन्ही हातांची सूज सारखीच. हातमोजे शिवणाऱ्यांच्या घरात दुखणंसुद्धा जोडीनं आलं, असं धाकटा एकदा म्हणाला होता. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

"दादा, मी सुरू करू का?"

"तू विचारून सुरू केलंयस कधी?"

"टोमणा नको. मला कोणाला उठवायची हौस नाही. पण वहिनींच्या खुर्चीतून महिनाभरात एक डावा मोजा उतरलेला नाही. उजवे मोजे पेटीत थप्पी लावून पडलेत. लोकांना दोन हात असतात रे, दादा."

"हे मला सांगतोस?"

"कोणीतरी सांगायला हवं ना."

या कारखान्याची रीतच तशी होती. दोघी सख्ख्या बहिणी एकाच दिवशी या घरात दोन भावांच्या बायका म्हणून आल्या. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात एक जोड कापला आणि एकेक मोजा एकेकीच्या पुढ्यात टाकला. थोरलीला डावा, धाकटीला उजवा. तेव्हापासून इथून गेलेल्या प्रत्येक जोडाचा डावा थोरलीच्या हातचा आणि उजवा धाकटीच्या हातचा. दोघींचा टाका एवढा सारखा की जुनी गिऱ्हाईकंही फरक सांगायला जाऊन तोंडघशी पडायची. मशीन घ्यावं की नाही यावरून मागच्या वर्षी दोन भावांमध्ये जे झालं, ज्यात थोरल्यानं कात्री आपटली आणि धाकटा आठवडाभर जिन्याच्या खाली जेवला, तेही शेवटी या एका गोष्टीपाशीच मिटलं होतं. बायकांचे हात चालताहेत तोवर मशीन नाही.

"आधी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते होऊ दे," थोरला म्हणाला. "बोल बाळ."

लेक बस-कचेरीत वेळापत्रकं आखायची. घरातही तिचं बोलणं गाड्या सोडल्यासारखं असे, एकामागून एक, वेळेवर.

"सांगते. पण मध्ये बोलायचं नाही, काका. आईला एकदम तीन औषधं चालू आहेत. एक आठवड्याची, ती फक्त मंगळवारी, काही गोळ्या एकदम. दुसरी डोळेवाली, जिच्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. तिसरी ती मोठी नारिंगी, सकाळ-संध्याकाळ. शिवाय एक बारीक जीवनसत्त्वाची. हा संधिवात एका औषधानं हटत नाही, म्हणून तिन्ही एकत्र. आठवड्याची ती मुख्य, बाकी दोघी तिला धरून चालणाऱ्या. तिघी मिळून काम करतात. हे मी पहिल्या दिवशी ऐकलं, आईनंही ऐकलं."

थोरलीनं मान हलवली.

"एवढ्या महिन्यांत सूज उतरायला हवी होती. उतरली नाही. बाई म्हणाल्या, या गोळ्या हरल्या असं धरू आणि उद्यापासून इंजेक्शन सुरू करू. ते घेतलं की अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होते. साधा खोकलासुद्धा अंगावर काढायचा नाही. धुळीत, गर्दीत बसायचं नाही. म्हणजे…" इथं तिची गाडी थांबली. "म्हणजे आईला इथं खाली बसता येणार नाही, निदान काही दिवस."

"काही दिवस म्हणजे किती?" थोरल्यानं विचारलं.

"ते त्या सांगत नाहीत, बाबा."

"मग खुर्चीचं ठरलंच की," धाकटा म्हणाला, आणि लगेच त्याला आपलं बोलणं टोचलं असावं, कारण तो वहिनीकडे वळला. "वहिनी, राग मानू नका. खिडकीची खुर्ची हिला द्या. ही डावाही शिवेल. उजव्यासाठी आपण मशीन बघू. तुमचं नाव कुठं पुसतोय का आम्ही?"

"मी कुठं काय म्हणतेय, भाऊजी," थोरली म्हणाली. "माझं काय, मी वर बसून तुमचं बोलणं जिन्यातून ऐकेन."

लेक हसली. बाप हसला नाही.

धाकटी यातलं अर्धंच ऐकत होती. बाकी अर्ध्या वेळी तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. आठवड्याची ती मुख्य.

त्यांच्या माहेरी आईचा नियम होता. घरात एकच वस्तू आली तर तिचे दोन वाटे थोरलीनं करायचे आणि पहिला वाटा धाकटीनं उचलायचा. असं केलं की वाटे करणारी लबाडी करत नाही. आईचं एक गाणंही होतं, भांडी घासता घासता म्हणायचं:

एकीनं वाटे केले, दुसरीनं आधी घेतला,
सांगा बाई दोघींमध्ये कमी कोणता बेतला

एक पांघरूण, एक छत्री, एक कंगवा. लग्न होऊन एका घरात आल्यावरही तो नियम मोडला नाही. भाऊ-भाऊ वरचेवर भांडले तरी एक तीळ दोघींनी वाटून खाल्ला.

मागच्या हिवाळ्यात थोरलीची बोटं सुजली तेव्हा धाकटीचीही सुजली होती. सकाळी नळ फिरवता येईना, म्हणून ती तो कोपरानं उघडायची. कपाची दांडी बोटांत मावेना, म्हणून दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायची आणि नवऱ्याला सांगायची, थंडी फार आहे. दोघींचे हात गेले असं कळलं असतं तर मशीन त्याच आठवड्यात दारात आलं असतं. थोरल्या भावजींनी ते सोसलं नसतं आणि दोन भावांचं एक घर राहिलं नसतं. हे तिनं फक्त ताईला सांगितलं, मागच्या खोलीत, अस्तरांच्या गठ्ठ्यांमागे. ताई त्याच दिवशी औषधं घेऊन आली होती. तिनं पिशवी गठ्ठ्यावर उपडी केली आणि दोन वाटे केले. एकीकडे आठवड्याची. दुसरीकडे बाकी सगळ्या.

"उचल."

"ताई, औषधं काय वाटतात का?"

"आजवर काय नाही वाटलं? उचल लवकर, कोणी येईल."

धाकटीनं आठवड्याची उचलली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, नवऱ्यापासून लपवायला सोपी. एवढाच विचार तिनं केला होता. पुढे दर मंगळवारी ताई डब्यातला तो वाटा गुपचूप तिच्या मुठीत ठेवायची. नंतर थोडे महिने गेले आणि तिचा नळ पुन्हा बोटांनी फिरू लागला, ताईचा फिरेना. तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण एकीचं दुखणं हट्टी, दुसरीचं मऊ, असंही असतं की, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावायला बसला की फार गोड बोलतो.

ताईला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिनंही ऐकलं होतं, असं लेक आत्ताच म्हणाली.

धाकटीनं वर पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होती. लहानपणी वर्गात बाई प्रश्न विचारत तेव्हा उत्तर येत असूनही हात वर करू नकोस म्हणून ताई असंच बघायची.

"एक करू," धाकटा म्हणाला. त्याला शांतता सोसत नसे. खिडकीच्या खुर्चीवर अर्धवट शिवलेला डावा मोजा पडला होता, अंगठ्यापाशी अडून. तो त्यानं आणून बायकोपुढे ठेवला. "हिला इथल्या इथं हा पुरा करू दे. दादा, तुझा नियम काय आहे? हात चालतात तोवर मशीन नाही. मग हात बघ, आणि तूच सांग."

"सुट्टीच्या दिवशी सुई?" थोरला म्हणाला.

"निकालाच्या दिवशी चालते."

"बस जा," थोरली बहिणीला म्हणाली. "खुर्चीला काही दात नाहीत."

धाकटी जाऊन खिडकीपाशी बसली. इतक्या वर्षांत ती या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होती. इथं उजेड दुसऱ्या बाजूनं यायचा. तिनं दोरा मेणावरून ओढला, सुईत ओवला, अंगठ्याचा तुकडा जागेवर धरला आणि पहिला टाका घातला.

थोरलीला ते टेबलापासून नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मेण लावलेला दोरा कातड्यातून जाताना बारीक करकरतो. हात दुखरा असला की ती करकर मध्येच अडखळते. ही अडखळत नव्हती. आपल्याकडून गेलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात नीट चाललेली बघावी तसं तिला वाटलं. वाईट वाटायला हवं होतं का, हे तिनं तपासून पाहिलं. नव्हतं वाटत. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई 'मुख्य' म्हणाल्या तेव्हाच तिनं ठरवलं होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं असं हे एकच औषध होतं. लपवाछपवीला सोपं तेच, म्हणजे धाकटी तेच उचलणार. आपण तिला आयुष्यभर वाटे करून दिले, तिचा हात कुठं जाईल हे आपल्याला कळणार नाही तर कोणाला? आईच्या नियमात लबाडी होत नाही असं आई समजायची. आईला दोन मुली होत्या, पण बहीण नव्हती.

"अंगठा आत वळवून घे," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "डाव्याचा उलटा वळतो."

"माहितेय."

"माहितेय तर ओढ कमी कर. मोजा आहे, घोड्याचा लगाम नाही."

"ताई, तू शिवतेस की मी?"

लेक पुन्हा हसली. काही क्षण सगळं नेहमीसारखं झालं, कामाचा कुठलाही दिवस असावा तसं. धाकटीनं शेवटचा टाका मारला, दोरा दातांनी तोडला. धाकट्यानं मोजा उचलून लाकडी हातावर चढवला आणि भावापुढे धरला.

"बघ. सांग आता. हे हात आहेत की रेशीम?"

थोरल्यानं शिवण अंगठ्यानं चाचपली. खोट काढायला जागा नव्हती. त्यानं बायकोकडे बघायचं टाळलं आणि म्हणाला, "ठीक आहे. खुर्ची तिची."

"नको," धाकटी म्हणाली.

"आता काय नको?" धाकट्यानं विचारलं.

"मंगळवारच्या गोळ्या मी खाते."

कोणाला काही समजलं नाही. लेकीनं डब्याकडे पाहिलं, जणू डब्याला विचारावं.

"कुठल्या मंगळवारच्या?"

"ताईच्या. आठवड्याच्या. पहिल्या मंगळवारपासून मीच खातेय. ताईनं एकही खाल्लेली नाही. माझेही हात गेले होते. म्हणून हा मोजा शिवता आला मला."

"काहीतरीच," थोरली घाईनं म्हणाली. "तिला माझी कीव येतेय. खुर्ची नको म्हणायला काहीही बोलेल. लहानपणीही…"

"ताई, पुरे."

"तू गप्प बस."

"नाही बसणार. उद्या तुझ्या अंगात इंजेक्शन घालणार आहेत. का? तर गोळ्या हरल्या. गोळ्या हरल्या कशावरून? गोळ्या तर लढल्याच नाहीत तुझ्या अंगात! माझ्यात लढल्या."

धाकट्यानं मोजा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांपुढून एकेक बुधवार जाऊ लागला. बुधवारी हिला मळमळायचं. दुकानांत माल द्यायला जायचा तो वार, म्हणून तो म्हणायचा, तुला बुधवारचा धंदाच मानवत नाही. उशीवर केस सापडायचे. ते मांजरीचे समजून शेजारच्या मांजरीला त्यानं दोनदा चप्पल फेकून मारली होती. एका खोलीत, एका दिव्याखाली, एवढ्या मोठ्या गोष्टीच्या शेजारी तो रोज घोरत पडला होता. त्याला बायकोचा राग येत होता, पण तो राग तिच्यापर्यंत पोचायच्या आत वाटेत वहिनी दिसली.

"वहिनी, तुम्ही मोठ्या. तुम्हाला तरी कळायला हवं होतं. माझ्या बायकोला विष चारलंत तुम्ही!"

"भाऊजी, मी औषध दिलं."

"डॉक्टरला न विचारता दिलेलं औषध म्हणजे काय असतं?"

"तिला ओरडू नकोस," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "माझी बायको वर्षभर औषधावाचून झिजली ती तुझ्या मशीनच्या धाकानं. तू दर महिन्याला मशीनचं चित्र आणून याच टेबलावर पसरायचास."

"आणि तू काय करायचास? कात्री आपटायचास. हात चालतात तोवर मशीन नाही! बाईचे हात गेले तर तिनं सांगायचं कोणाला, दादा, तुला?"

  दोघांच्या बोलण्यातून जे निघालं ते दोघांचंच होतं, आणि ते उचलायला कोणी पुढे होईना.

लेक उठून मावशीपाशी गेली. ती तिची मावशीही होती आणि काकूही. लहानपणी काय म्हणावं ते न ठरल्यानं 'माकू' म्हणू लागली, ते तसंच राहिलं.

"माकू, तोंड उघड."

"काय गं?"

"उघड म्हणते ना."

आत गालांना फोड होते, काही जुने, काही ताजे.

"जेवतेस कशी तू?"

"गार करून."

"आणि बारीक गोळी? ती घेतेस ना?"

"कुठली बारीक?"

लेकीनं आईकडे पाहिलं.

"ती जीवनसत्त्वाची ना," थोरली म्हणाली. "ती मीच घेत होते. म्हटलं साधी आहे, तिला कशाला…"

लेक खाली बसली, सरळ फरशीवर. वेळापत्रकातली एखादी गाडी दुसरीच्या फलाटावर सापडावी तसं तिचं तोंड झालं होतं.

"आई, ती बारीक गोळी त्या मंगळवारच्या गोळ्यांसाठीच असते. त्यांचा त्रास होऊ नये म्हणून. तू त्रास माकूला दिलास आणि त्यावरचा उतारा स्वतः खाल्लास. मी दर रविवारी डबा भरते. वर्षभर भरतेय. रक्त तपासायला तुला नेते, रिपोर्ट चांगले आले की आनंदानं घरी फोन करते. चांगले येणारच! आणि जिचं तपासायला हवं होतं ती मला जिन्यात विचारायची, कसे आहेत ताईचे रिपोर्ट?"

मग ती रडली. वरच्या घरातला नियम खालीही लागू होता. धाकट्याचेही डोळे भरून आले. तो म्हणाला की मेणाचा धूर आहे. मेण त्या दिवशी कोणी तापवलं नव्हतं.

फोन लेकीनंच लावला आणि टेबलावर सगळ्यांच्या मधोमध ठेवला. डॉक्टरीणबाई दवाखान्यात होत्या, मागे कोणाचं तरी मूल रडत होतं. लेकीनं सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त ते मूल ऐकू आलं.

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या. लेकीनं पुन्हा सांगितलं.

"एक औषध एकीनं, बाकीची दुसरीनं?"

"हो."

"माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात लोकांनी औषधं सोडली, दुप्पट खाल्ली, नाल्यात टाकली. पण वाटून खाल्ली नाहीत. बहिणी आहेत का?"

"हो."

"तरीच." मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "नीट ऐका. धाकट्या बाईंनी आजपासून ती गोळी घ्यायची नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी इथं, रक्त, छातीचा फोटो, सगळं. यकृत कसं आहे ते बघितल्याशिवाय मी पुढचं बोलणार नाही. ताप, दम, खोकला आहे?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"असला तर रात्रीच या, सकाळची वाट बघायची नाही. गोळी बंद केली की सूज परत येईल. घाबरू नका, पण येईल. तुम्हाला तुमची औषधं मिळतील, तुमच्या नावावर."

"किती दिवसांनी येईल सूज?" हे धाकट्यानं विचारलं.

"काही आठवड्यांत. आता थोरल्या बाई. तुमचं इंजेक्शन रद्द. जे औषध पोटात गेलंच नाही ते हरलं असं मी म्हणू शकत नाही. तुमची तिन्ही औषधं एकत्र आजपासून सुरू झाली असं धरायचं. मागच्या आठवड्याचे तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, तेव्हा आजच घ्या. पण डब्यातल्या सगळ्या नाही. अंगाला सवय नाही, निम्म्याच. पुढं मी वाढवेन. गुण दिसायला दोन-तीन महिने जातील, आणि दिसेलच असं वचन मी देत नाही. बारीक गोळी उद्या. आणि बाई…"

"हं," थोरली म्हणाली.

"निम्म्या म्हणजे उरलेल्या निम्म्या बहिणीला नाही."

फोन बंद झाला. पुढची काही मिनिटं प्रत्येकजण मनात तोच हिशेब मांडत होता आणि तो सगळ्यांचा सारखाच येत होता. थोरलीचे हात सुधारले तर ते काही महिन्यांनी. धाकटीचे बिघडणार ते त्याआधी. मधल्या काळात या घरात शिवणारं कोणीही नव्हतं, ना डावं, ना उजवं.

"मशीनचं," थोरला म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायची कोणाला सवय नव्हती. "चित्र आहे का रे जवळ?"

"वर आहे. राहू दे ना आज."

"उद्या दाखव."

"दादा, माझं म्हणणं तसं नव्हतं."

"माहितेय मला. तरी दाखव. बायकांनी लपून औषधं खाण्यापेक्षा मशीनचा खडखडाट परवडला."

धाकटी अजून खिडकीच्या खुर्चीत होती. थोरली उठून तिच्यापाशी गेली. सगळ्यांना वाटलं आता ती तोंड उघडल्याबद्दल बोलेल.

"केस गळतात ते मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू वाटे बदलले असतेस."

"बदललेच असते."

"म्हणूनच. आणि ती मुख्य आहे हे तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू उचलली असतीस?"

"नाही."

"मग?"

 धाकटीनं ताईचा हात आपल्या हातात घेतला, पालथा केला, उताणा केला, कातड्याचा पोत बघावा तसा. सुजलेले सांधे तिनं एकेक करून अंगठ्यानं चाचपले. थोरली एकदाच कळवळली.

"दुखतंय एवढं?"

"तुलाही कळेल आता."

हे बोलून थोरलीला वाईट वाटलं, आणि धाकटीला हसू आलं. खरं होतं ते.

लेकीनं मंगळवारचा खाना उघडला. फिकट पिवळ्या गोळ्या तिनं निम्म्या आईच्या तळहातावर ओतल्या. उरलेल्या तिनं कागदात बांधून स्वतःच्या खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावलं. धाकट्यानं पाणी आणलं. पेला जाड काचेचा, जड होता. थोरलीनं धरायचा प्रयत्न केला, पण बोटं त्याच्याभोवती मिटेनात, पाणी दुपट्ट्यावर सांडलं. धाकटीनं पेला घेतला आणि तिच्या तोंडापाशी धरला.

थोरली तळहातावरच्या गोळ्यांकडे बघत राहिली. मग मान न वळवता तिचे डोळे बहिणीकडे गेले.

"एकटीनं खायचं म्हणजे…"

"गीळ."

"चोरी केल्यासारखं वाटतंय गं."

"मला वर्षभर वाटलं. गीळ आता, माझ्यासमोर."

थोरलीनं गोळ्या तोंडात टाकल्या. धाकटीनं पेला तिरका केला. सगळे बघत होते, गळ्याशी एकदा हाललेलं दिसलं, मग झालं. आता काही घडेल असं वाटून दोन्ही भाऊ अजून थांबूनच होते.

"कडू नाहीये," थोरली म्हणाली.

"माहितेय मला," धाकटी म्हणाली.